कमानीला पाणी

टँकरची ओळ मी खोडली. त्या सभेच्या इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असं लिहिलेलं आहे, पण तो शब्दही माझाच. त्या दिवशी मी चिडलेलो होतो, लॅपटॉप माझ्यासमोर होता आणि आमच्या प्लॉटधारक संघाचा मी खजिनदार होतो. तेवढं पुरलं. पुढे कुणी विचारलं की मी ‘कमिटीनं ठरवलं’ असं सांगायचो. उन्हाळा उलटून गेला तरी तेच सांगत होतो. आता सांगत नाही.

संघ कसला, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी दुबईतल्या एका हॉटेलात घरं-जमिनींचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका बिल्डरनं कोकणातले शेतघरांचे प्लॉट विकायला ठेवले होते. गुळगुळीत पत्रकावर हिरवागार सडा, म्हणजे डोंगरमाथ्याचं कातळी पठार, त्यावर कौलारू घर, मागे ढगांत बुडालेला डोंगर. आम्ही दुबई-अबुधाबीतल्या वीसेक मराठी कुटुंबांनी प्लॉट घेतले. बहुतेक सगळे मुंबई-पुण्याचे, बँकेत, आयटीत, कन्स्ट्रक्शनमध्ये नोकरी करणारे. मी अबुधाबीत एका कंत्राटदार कंपनीत कॉस्ट कंट्रोलर आहे आणि अल रीम आयलंडवर एका टॉवरच्या बऱ्याच वरच्या मजल्यावर राहतो. प्लॉट विकून बिल्डर मोकळा झाला. रस्ता, कुंपण, बोअरवेल, राखणदार हे सगळं आमच्या गळ्यात आलं, म्हणून संघ काढला. दर तिमाहीला गुंठ्यामागे ठरलेली वर्गणी, त्यातून सामाईक खर्च. आकड्यांचा माणूस म्हणून हिशेब माझ्याकडे आला आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. ऑफिसात माझ्या डोक्यावर साहेबांची उतरंड आहे. इथे लोक मला विचारून खर्च करत.

प्लॉट सगळ्यांनी घेतले, राहायला गेलं एकच घर. आमच्यातले एक सभासद अबुधाबीजवळच्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते, अजून आहेत. आम्ही त्यांना दादा म्हणतो. वय माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी जास्त, राहणं कंपनीच्या खोलीत इतर तिघांबरोबर. आयुष्यभराची बचत घालून त्यांनी कोपऱ्यातला प्लॉट घेतला, जांभ्याच्या दोन खोल्या बांधल्या आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, तिथे एकट्या राहायला गेल्या. सड्यावर सगळा कातळ. तो फोडून त्यांनी खड्डे पाडले, बाहेरून ट्रकनं माती आणून भरली, हापूसची कलमं लावली, कडेनं काजू. दादांचा बेत सरळ होता. पाचव्या वर्षी आंबा धरू लागेल, तोवर मुसफ्फात काढायचं आणि मग कायमचं घरी. मी सांगतोय त्या वर्षी कलमांना तिसरं वर्ष चालू होतं.

कातळातली बोअर मार्च संपता संपता खाली जाते. म्हणून पहिल्यापासून बजेटमध्ये ‘उन्हाळी टँकर’ अशी एक ओळ असायची. एप्रिल-मे दोन महिने आठवड्याला टँकर यायचा, सामाईक टाकीत रिकामा व्हायचा, तिथून राखणदाराला आणि वहिनींना.

आता एक गोष्ट सांगतो. ती वाचून कोणालाही वाटेल की एवढी शिकलेली माणसं इतकी मूर्ख कशी असतील. पण हा मूर्खपणा आमच्यासारख्यांनाच जमतो. इथल्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. त्यामुळे आमची सगळ्यांची भारतवारी जुलै-ऑगस्टमध्ये. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोकणातला सडा कसा असतो हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सगळं कळेल. गुडघ्याएवढं गवत, कातळावर जांभळी-पिवळी फुलं, वहाळ भरून वाहतोय, सामाईक टाकीवरून पाणी ओसंडतंय. आम्ही छत्र्या घेऊन फिरायचो, मुलांचे फोटो काढायचो, वहिनींच्या हातचा चहा प्यायचो आणि परत यायचो. संघातल्या एकाही माणसानं आपली जमीन मे महिन्यात पाहिलेली नव्हती. दादा सोडून एकानंही.

जानेवारीत वार्षिक सभा झाली, दुबईच्या करामा भागातल्या एका मराठी खानावळीच्या माडीवर. आमचे अध्यक्ष दुबईत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी मोबाइलवर शेजारच्या वसाहतीच्या फाटकाचा फोटो दाखवला.

“माणूस एन्ट्रन्स बघून किंमत ठरवतो. त्यांच्याकडे कमान आहे, लाइट आहेत, नाव आहे. आपल्याकडे काय आहे? पत्र्याचं फाटक, तेही दोरीनं बांधलेलं.”

मी कमानीचा अंदाज सांगितला, रुपयांत.

“दिरहममध्ये सांग रे,” कोणीतरी म्हणालं.

मी भागाकार करून सांगितला.

“मग काहीच नाही की. पण वर्गणी वाढवायची नाही हां.”

“वर्गणी न वाढवता कमान कशी होणार?” मी विचारलं.

“तू आहेस ना कॉस्ट कंट्रोलर? कर कंट्रोल.”

सगळे हसले. मीही हसलो, कारण ते कौतुक होतं. मी ओळी वाचायला लागलो. राखणदाराचा पगार, पंपाचं वीजबिल, पावसाळ्यानंतर रस्त्याला मुरूम, उन्हाळी टँकर. तिथे थांबलो.

“कमान करा, माझी ना नाही,” दादा मागच्या टेबलावरून म्हणाले. “टँकरला हात लावू नका.”

“पण दादा, टँकर तुमच्या एकट्यासाठीच येतो ना?” अध्यक्षांच्या शेजारचा म्हणाला. “आम्ही सगळ्यांनी का भरायचं?”

“तुम्ही या राहायला. तुमच्यासाठी पण येईल.”

मी मध्ये पडलो. मला वाटलं मी समजूतदारपणे बोलतोय. “दादा, मी दरवर्षी जातो. बोअरला पाणी आहे. मागच्या ऑगस्टमध्ये वहाळात माझी चप्पल वाहून गेली, एवढं पाणी. टँकर खरंच किती लागतात ते एकदा तपासू, इतकंच म्हणतोय.”

दादांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. “साहेबांनी जमीन बघितलीय ती छत्रीखालून. एप्रिलमध्ये या एकदा साहेब. चप्पल वाहून नाही जाणार. वितळेल.”

माडीवर असा हशा उठला की खालून वाढपी डोकावून गेला. माझी बायकोही हसली. अध्यक्ष टेबलावर थाप मारून हसले. मी हसलो नाही. एका वर्कशॉपच्या फोरमननं मला सगळ्यांसमोर साइट शिकवली, हे मला झोंबलं. असं लिहिताना लाज वाटते, पण मनात नेमकं हेच वाक्य होतं. मी खाली बघून ती ओळ निवडली आणि खोडली. बेरीज बदलली. कमान बसली.

“बसतंय,” मी म्हणालो. “टँकर काढला तर बसतंय. बोअर पुरेल, नाहीच पुरली तर बघू.”

“यल्ला, चला, मग खलास,” अध्यक्ष म्हणाले आणि गरम पुऱ्या आल्या.

आमच्या संघाची एक पद्धत होती. ती मीच घालून दिली होती. ठराव ग्रुपवर टाकायचा आणि गुरुवारपर्यंत जो उत्तर देणार नाही त्याचा होकार धरायचा. लोक कामात असतात, सह्या कोण गोळा करणार? दादांनी लिहिलं, ‘मला मान्य नाही.’ बाकीच्यांनी अंगठे टाकले किंवा काहीच टाकलं नाही. मी गुरुवारी लिहिलं, ‘मंजूर’. ज्यांनी तो ठराव उघडूनसुद्धा पाहिला नव्हता त्यांची मतं मी दादांच्या विरुद्ध मोजली.

एप्रिलच्या सुरुवातीला कमानीचा स्लॅब ओतला. बोअर तोवर खाली गेली होती. मला हे कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण एका दुपारी राखणदाराचा फोन आला. मी ऑफिसच्या बेसमेंटमध्ये गाडीत बसत होतो.

“साहेब, दादांनी टँकर पाठवलाय. स्वतःच्या पैशानं. पण फाटकात कमानीचे टेकू आहेत. मिस्त्री म्हणतो एका बाजूचे दोन काढले तर गाडी आत जाईल. तुम्हाला विचारायला सांगितलंय.”

“टेकू काढायचे नाहीत. काँक्रीट ओलं आहे.”

“मग टँकरचं काय करू?”

“परत पाठव.”

“त्यानं पैसे घेतलेत साहेब. लांबून आलाय.”

“तो दादांचा प्रश्न आहे. त्यांनी आधी विचारायला हवं होतं.”

टेकूच्या बाबतीत मी बरोबर होतो. स्लॅबखालचे टेकू अकाली काढले तर स्लॅब वाकतो, हे माझ्या धंद्यात शिपायालाही कळतं. पण टँकर फाटकाबाहेर उभा करून पाइप टाकून टाकी भरता आली असती. टाकी फाटकापासून हाकेच्या अंतरावर आहे. हेही मला तेव्हाच, फोनवर बोलतानाच, सुचलं होतं. मी बोललो नाही. मला करामातला तो हशा ऐकू येत होता आणि मी गप्प राहिलो. टँकर भरलेला आला तसा भरलेला परत गेला.

त्यानंतर आठवड्याभरात वहिनींचा फोन आला. त्यांनी मला आधी कधीच फोन केला नव्हता. मी सुपरमार्केटमध्ये होतो, ट्रॉलीत पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे होते. हा योगायोग मी रचलेला नाही. इथे प्रत्येकाच्या ट्रॉलीत ते असतात.

“भावजी, बोअर अर्धा तास चालते आणि हवा ओकते,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यात जे येतं ते मिस्त्री कमानीला मारतो. सकाळी मारतो, संध्याकाळी मारतो. गोणपाटं बांधलीत त्याला, ती भिजवतो. मी म्हटलं, बाबा, निदान एक वेळ माझ्या कलमांना दे. तर म्हणतो, साहेबांनी सांगितलंय, कमान सुकता कामा नये.”

ते खरं होतं. मीच मेसेज केला होता. नव्या काँक्रीटला पाणी मारावंच लागतं, नाहीतर तडे जातात. मी मिस्त्रीला लिहिलं होतं, ‘क्युरिंगमध्ये हयगय नको.’

“वहिनी, काँक्रीटला पाणी लागतंच.”

“आणि कलमांना?”

“तसं नाही. पण टँकर यंदा बजेटमध्ये नाही. तो हेडच नाही.”

 मग त्या म्हणाल्या, “हेड म्हणजे काय ते मला कळत नाही भावजी. राखणदार दुचाकीवरून कॅन आणतो, त्यावर मी पितेय. माझं भागतंय. पण तिसऱ्या वर्षाचं कलम कॅनवर जगत नाही. तुम्ही नुसता एक फोन करा मिस्त्रीला.”

“कमिटीशी बोलतो,” मी म्हणालो. “इन्शाल्ला, काहीतरी करू.”

इथे राहून राहून हा शब्द तोंडात बसतो. कुणी तो मनापासून म्हणतं. आमच्या ऑफिसात काम टाळायचं असेल तेव्हा म्हणतात. मी तसा म्हणालो. कमिटीशी बोललो नाही. मिस्त्रीला फोन केला नाही.

मे महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मला अचानक पुण्याला जावं लागलं. मुलीची शाळा चालू होती, त्यामुळे एकटाच गेलो. अध्यक्षांचा मेसेज आला, ‘आलाच आहेस तर साइटवर जाऊन कमानीचा फोटो टाक.’ मी गाडी करून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी जमीन मेमध्ये पाहिली.

तिथे जमीन नव्हती. काळा, भाजलेला कातळ होता, नजर पोचेल तिथवर. गवत कुठे गेलं, फुलं कुठे गेली, काही खूण नाही. ज्या वहाळात माझी चप्पल वाहून गेली होती त्यात धोंडे पडले होते आणि त्यांच्यावरून गरम हवा थरथरत होती. मी पत्रकातला तो हिरवा सडा आठवला आणि मला त्या बिल्डरचा संताप आला. मग लक्षात आलं की बिल्डरनं एकदाच फसवलं होतं. पुढे दरवर्षी ऑगस्टमध्ये येऊन मी स्वतःला फसवत होतो.

कमान उभी होती. स्लॅब होऊन प्लास्टर झालं होतं आणि प्लास्टरला पुन्हा पाणी चालू होतं. खांबांना गोणपाटं गुंडाळलेली, त्यांच्यातून पाणी ठिबकत होतं. खाली चिखल झाला होता आणि त्या चिखलात एक कुत्रं पोट टेकून पडलं होतं. साऱ्या सड्यावर ओली जागा तेवढीच.

वहिनींच्या घराला कुलूप होतं. राखणदार म्हणाला, “पंधरवडा झाला. भावाकडे गेल्या. बघवत नाही म्हणाल्या.”

मी कलमांमधून चाललो. पानं झाडावरच होती, पण तपकिरी, कडेनं वळलेली, आणि हात लावला की कागदासारखी वाजत होती. एका कलमाची फांदी मी वाकवली. ती वाकली नाही, तुटली. कडेचे काजू थोडे तग धरून होते. आंबा गेला होता. प्रत्येक बुंध्याशी दगडांचं आळं होतं, नीट, गोल, हातानं रचलेलं, आणि त्यात कोरडी तांबडी माती.

मग मी कमानीचा फोटो काढला. मी हे लपवत नाही. मला सांगितलं होतं म्हणून मी गोणपाटं सोडायला लावली, ऊन बरोबर येईल अशा बाजूला उभा राहिलो, कलमं दिसणार नाहीत अशी चौकट धरली आणि फोटो ग्रुपवर टाकला. ‘सुपर्ब.’ ‘आता वाटतंय काहीतरी.’ ‘हबीबी, ब्राव्हो.’ अंगठे, टाळ्या, फुलं. दादांनी काही लिहिलं नाही. अबुधाबीला परतल्यावर मुलीनं फोटो पाहिला आणि म्हणाली, “कूल गेट, बाबा. कॅन वी गो इन ऑगस्ट?”

मी तिच्यावर ओरडलो.  तिचं काय चुकलं होतं?

त्यानंतरचे काही आठवडे मी सगळ्यांवर चिडलेलो होतो. अध्यक्षांना फोन करून सांगितलं की कलमं मेली. ते म्हणाले, “अरेरे. पावसात नवी लावू. एका कलमाचे किती पडतात? म्हणजे दिरहममध्ये?” मी आकडा सांगितला. ते म्हणाले, “मग एवढं काय टेन्शन घेतोस, एका लंचचे पैसे.” मी फोन ठेवला आणि खिडकीशी उभा राहिलो. खाली समुद्र होता, टॉवरच्या बागेत फवारे चालू होते, भर वाळवंटात, भर दुपारी. त्यांच्या तोंडचा तो दिरहमचा भागाकार मला किळसवाणा वाटला. तीन वर्षं त्यात भागली जात नाहीत. पण हा भागाकार संघाला शिकवला कोणी? प्रत्येक तक्त्यात दिरहमचा रकाना मीच घातला होता, सगळं लहान दिसावं, वर्गणी पटकन यावी म्हणून. जे रुपयांत टोचलं असतं ते दिरहममध्ये गुळगुळीत झालं.

माफी मागायची म्हणून मी ग्रुपवर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. झालेल्या गैरसोयीबद्दल संघ दिलगीर आहे, पुढील वर्षी पाणीपुरवठ्याचा आढावा घेण्यात येईल, अशा अर्थाच्या. ऑफिसात ग्राहकाला लिहितो तसं. लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. एकानं लिहिलं, ‘ग्रेसफुल’. दादा तेव्हाही गप्प. मला त्यांच्या गप्प राहण्याचाही राग आला. आता अजून काय हवं या माणसाला, असं मी बायकोला म्हणालो.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, “संघ दिलगीर आहे म्हणजे कोण? तू टँकर परत पाठवलास ते लिहिलंस का कुठे?”

“तुलाही हसू आलं होतं त्या दिवशी.”

“आलं. कारण ते बरोबर बोलले होते.”

जूनमध्ये मी खास सभा बोलावली, आमच्याच टॉवरच्या हॉलमध्ये. दादा आले नाहीत. कमानीच्या लाइटसाठी ठेवलेले पैसे काढून मी टँकरची ओळ परत घातली. दोन-तीन जण कुरकुरले, एक म्हणाला, “आता कोण राहतंय तिथे?” तेव्हा मी आवाज चढवला. कधी नव्हे ते इतका चढवला की हॉलचा सिक्युरिटीवाला काच वाजवून गेला. गुरुवारपर्यंत उत्तर नाही म्हणजे होकार, ती पद्धतही मी त्याच दिवशी मोडली. ओळ मंजूर झाली. मला वाटलं, आता हिशेब मिटला.

सप्टेंबरात कुणाकडून तरी कळलं की दादांनी व्हिसा पुन्हा वाढवून घेतला. त्यांचं काम दोन वर्षांत संपायचं होतं. आता पुढची पाच वर्षं, कंपनी ठेवेल तोवर, राहणार, तेही त्या वयात, त्या खोलीत. 

रविवारी सकाळी मी मुसफ्फाला गेलो. वर्कशॉपांच्या गल्लीच्या तोंडाशी एक केरळी कॅफेटेरिया आहे, तिथे दादा भेटले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, बाहेर उन्हात कंपनीच्या बस धुतल्या जात होत्या. त्यांनी दोन करक, म्हणजे कडक दुधाचे, चहा सांगितले. माझ्याकडे बघितलं नाही.

“दादा, मी माफी मागायला आलोय.”

“ग्रुपवर मागितलीत की. वाचली मी. इंग्रजी चांगलं आहे.”

“ती माफी नव्हती.”

“नव्हतीच.” त्यांनी चहा ढवळला, साखर केव्हाच विरघळली होती तरी ढवळत राहिले. “ओळ परत घातलीत म्हणे. बरं केलंत. कलमांना जाऊन सांगा.”

मी चहाचा पेला जवळ ओढला.

“साहेब, तो टँकर परत गेला ना, त्या दिवशी मी इथे क्रेनखाली उभा होतो. टँकरवाल्याचा फोन आला, म्हणाला, आत सोडत नाहीत. मी म्हटलं, बाहेरून पाइप टाक. तो म्हणाला, वॉचमन म्हणतो परत न्यायची ऑर्डर आहे. ऑर्डर.” त्यांचा आवाज चढला नाही. चमचा मात्र बशीवर आपटला. “माझ्या घरावर, माझ्या पैशाचं पाणी, आणि ऑर्डर कुणाची? जो माणूस ऑगस्टमध्ये माझ्या घरी चहा पिऊन जातो त्याची.”

“मी चिडलो होतो दादा. तुम्ही करामाला सगळ्यांसमोर हसवलंत म्हणून.”

दादांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते हसतील किंवा शिवी देतील. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

“एवढ्यासाठी?”

“एवढ्यासाठी.”

“मग मला कशाला सांगताय? माझा घसा कोरडा पडला नाही. मला इथे पाणी मिळत होतं.” त्यांनी मोबाइल काढला, नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर आमच्या मधोमध ठेवला. “तिला सांगा.”

घंटा बराच वेळ वाजली. पाऊस लागल्यावर वहिनी सड्यावरच्या घरी परतल्या होत्या; आधी पावसाचा आवाज आला, मग त्यांचा.

“बोला. लवकर बोला, मोटर लावायचीय, लाइट जाईल.”

“साहेब आलेत,” दादा म्हणाले. “तुझ्याशी बोलायचंय.”

“कोण, भावजी?” त्या म्हणाल्या. “तुम्ही आला होता ना मेमध्ये? राखणदार म्हणाला. कुलूप बघून गेलात. नंबर होता माझा.”

“हो.”

“आता या. आता हिरवं आहे. तुम्हाला आवडतं तसं.”

त्यांच्या आवाजात मऊपणा नव्हता. असावा असं मी त्या क्षणापर्यंत मनात धरून आलो होतो, हे मला तेव्हा कळलं. मी घरून निघताना वाक्यं जुळवली होती, कमिटी, गैरसमज, नियोजनातली त्रुटी. त्यातलं एकही तिथे टिकलं नसतं. समोर दादा दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले होते.

“वहिनी,” मी म्हणालो, “टँकरची ओळ मी खोडली. कमिटीनं नाही, मी. दादांचा टँकर फाटकातून मी परत पाठवला. बाहेरून पाइप टाकता येईल हे मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही. तुम्ही फोन केलात तेव्हा मी कमिटीशी बोलतो म्हणालो आणि बोललो नाही. मला दादांचा राग आला होता, तो मी तुमच्या झाडांवर काढला. तुमची तीन वर्षं मी घालवली. माझं चुकलं, वहिनी. मला माफ करा.”